रेडिओ गप्प असताना

आईंच्या मनगटाचं हाड मोडलं, तेव्हा तेजलला आधी वाटलं, कुणीतरी ओली गवार मोडली. तेवढाच आवाज झाला. मग आई ओरडल्या. त्या ओरडण्यानं टेबलाखाली खेळत बसलेल्या शर्वीनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ती अडीच वर्षांची पोर रडायचंसुद्धा विसरली.

रविवारची सकाळ होती. माळ्यावरून पोह्यांचा डबा काढायला आई, म्हणजे तेजलच्या सासूबाई, स्टुलावर चढल्या होत्या आणि हर्षद, त्यांचा मुलगा, खाली उभा राहून त्यांचं मनगट धरून होता. उजव्या हातानं धरलं होतं. तो उजवा हात यंत्राचा होता.

"हर्षा, सोड! अरे, दुखतंय मला!"

"मी नाही धरलंय आई! मी सोडतोय, हाच सुटत नाहीये!"

काचेच्या बांगड्या कचाकच फुटल्या आणि कातडीत घुसल्या. हर्षदनं डाव्या हातानं यंत्राची बोटं उचकटायचा प्रयत्न केला. जमेना, तसा त्यानं खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि स्वतःच्याच कोपराच्या सांध्यावर घालायला सुरुवात केली. "सोड! सोड रे तिला! सोड!" आपल्याच हातावर असा ओरडणारा माणूस तेजलनं आयुष्यात पाहिला नव्हता. आईंच्या कोपरावरून रक्त स्टुलावर ठिबकत होतं, आणि त्या सगळ्या गोंधळात इंडक्शनवरचं दूध फसफसून वर आलं. तेजलचा हात सवयीनं गेला आणि तिनं शेगडी बंद केली.

पंजा उघडला. सावकाश, काही झालंच नाही अशा थाटात.

आई खाली कोसळल्या. हर्षद त्यांच्या शेजारी बसला. तेजल मात्र शेगडीच्या बटणाकडे बघत उभी होती. तिचं बोट अजून बटणावरच होतं. शेगडीचा जोर वाढवला आणि पंजा मिटला. बंद केली आणि पंजा उघडला. शर्वी पोटात असताना नोकरी सोडण्याआधी ती दोन वर्षं एका टेस्टिंग लॅबमध्ये होती, आणि असल्या गोष्टीला योगायोग म्हणायची खोड तिथे तिची कायमची मोडली होती.

हर्षदचा मूळ हात चार वर्षांपूर्वी कारखान्यात प्रेसखाली गेला. कामाचा वेग वाढावा म्हणून सुपरवायझरनं मशीनचा सुरक्षा-डोळा चिकटपट्टी लावून झाकून ठेवला होता. चौकशी झाली, भरपाई ठरली, आणि सरकारच्या नव्या योजनेत त्याला मिळाला 'श्रमहस्त'. कामगारांसाठीच बनवलेला, हाडात रोवलेल्या दांड्यावर बसणारा आणि सत्तर किलोच्या जोरानं पकडणारा हात. पहिल्या दिवशी त्यानं त्या हातानं शर्वीच्या टाळूवरून इतक्या हळुवार बोट फिरवलं होतं की आई देवासमोर साखर ठेवून आल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी हाडाचे तीन तुकडे झाल्याचं सांगितलं. बाहेरच्या बाकावर हर्षद भिंतीवर डोकं आपटत होता.

"कापून टाका हा. आत्ताच्या आत्ता काढा. आईचा हात मोडला मी, तेजल!"

"तू मोडलास की त्यानं मोडला, ते आधी बघू," तेजल म्हणाली. "बुधवारी सुट्टी टाक. फरीदा मॅडमकडे जायचं."

*

भोसरीतल्या त्या लॅबमध्ये फरीदा मुजावर ही बाई गेली वीस वर्षं एकच काम करत होती. घरात येणाऱ्या विजेच्या वस्तू एकमेकींशी गुण्यागोविंदानं राहतील का, हे तपासायचं. सांगलीकडचा हेल अजून तिच्या बोलण्यातून गेला नव्हता.

"हर्षदराव, हात काढा आणि ठेवा त्या टेबलावर. लाजू नका, इथं सगळे असेच सुटे होऊन येतात."

हर्षदला हसू आलं. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच.

खोलीच्या भिंतींना निळ्या स्पंजाचे सुळके होते. बाहेरची एकही लहर आत येऊ नये आणि आतली भिंतीवर आपटून परत फिरू नये, यासाठी ते होते. हाताच्या मुठीत मॅडमनी एक वांगं दिलं. स्नायूंच्या जागी तारा जोडल्या आणि हाताला 'सैल' असा संदेश देऊन ठेवला. मग दोन फुटांवर तेजलनं घरून आणलेली शेगडी लावली.

वांग्याचा चेंदामेंदा झाला. बिया तेजलच्या चष्म्यावर उडाल्या.

"हे असं," मॅडम म्हणाल्या.

कारण समजायला अवघड नव्हतं. स्नायू आखडतो तेव्हा कातडीवर विजेची किंचित खळबळ होते. व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. श्रमहस्त ती टिपतो, हजारो पटींनी मोठी करतो आणि तिच्यावरून मालकाच्या मनातलं ओळखतो. इंडक्शनची शेगडी वीज सेकंदाला पंचवीस हजार वेळा उलटसुलट फिरवते. इतकं वेगवान काही हाताला वाचताच येत नाही, तेव्हा खरं तर काही बिघडायला नको. पण ही कंपनं एकसारखी नसतात. घरच्या विजेच्या ठेक्यावर ती सेकंदाला शंभर वेळा फुगतात आणि ओसरतात. हाताच्या पहिल्याच ट्रान्झिस्टरमध्ये वेगवान भाग गाळला जातो आणि मागे उरतो हा शंभराचा ठेका. स्नायूंचं बोलणं चालतं तेही नेमकं त्याच पट्ट्यात. हाताला वाटतं, मालक सांगतोय, आवळ. जीव खाऊन आवळ.

"पण मॅडम, शेगडी पास झालेली आहे. हातही पास झालेला आहे. दोघांवर शिक्के आहेत," तेजल म्हणाली.

"नियम दोनच आहेत ना गं? दुसऱ्याला ठरल्यापेक्षा जास्त त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा ठरलेला त्रास सोसायची ताकद ठेवायची. प्रत्येक वस्तू एकेकटी पास होते, तेजल. त्यांचा संसार कुणी टेस्ट करत नाही." त्यांनी शेगडीची वायर उचलून प्लग तिच्यासमोर धरला. "आणि हे काय? तिसरी पिन कुठंय?"

तिसरी, जाड, अर्थिंगची पिन. ती पक्कडीनं मुळासकट उपटलेली होती. हर्षदनं मान खाली घातली. ओट्यावरच्या बोर्डाला दोनच भोकं होती. शेगडी आणली त्याच दिवशी त्यानं पिन काढून ती चालू करून दिली होती. त्यांच्या इमारतीत असं न केलेलं घर शोधूनही सापडलं नसतं. पण शेगडीतला फिल्टर सगळी घाण त्या पिनेतूनच जमिनीत सोडतो. वाट बंद झाली की घाण वायरीवर चढते आणि घरभर फिरते.

"आता हे बघा." मॅडमनी संगणकावर हाताच्या पोटातली नोंद उघडली. पंजा जोरात मिटला की आधीचे दहा सेकंद हात स्वतःजवळ साठवून ठेवत असे. रविवारच्या नोंदीत एकसारख्या अंतरावर, एकसारख्या उंचीचे दात उभे होते. केसांच्या फणीसारखे.

"खरा माणूस मूठ वळतो तेव्हा असं दिसत नाही. लोकरीचा गुंता दिसतो, वेडावाकडा. ही फणी आहे. ही शेगडी आहे."

"म्हणजे मी नव्हतो," हर्षद म्हणाला.

"तू नव्हतास," तेजल म्हणाली.

तो लॅबच्या खुर्चीवर बसून ढसाढसा रडला. तेजलनं त्याचा डावा हात धरून ठेवला. पुढे कितीतरी दिवस तिला हा क्षण आठवत राहिला, कारण त्या क्षणी तिचं त्याच्यावर लग्नाच्या पहिल्या वर्षी होतं तेवढंच प्रेम होतं.

निघता निघता मॅडमनी आणखी एक परीक्षा दाखवली. पिस्तुलासारखं एक यंत्र त्यांनी हाताच्या कोपराजवळच्या धातूच्या कड्याला टेकवलं. टक् करून ठिणगी पडली आणि मुठीतलं उरलंसुरलं वांगं टेबलावर पडलं.

"अंगाला ठिणगी बसली की हा घाबरतो. पंजा उघडून आठ सेकंद गप्प बसतो. बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलंय. आठ सेकंद हा कुणाचंच ऐकत नाही, मालकाचंही नाही."

*

पुढच्या आठवड्यात तेजलनं घर नीट लावायला घेतलं. वायरमन बोलावून तीन पिनांचा बोर्ड बसवला. फ्रिज, मिक्सर, टीव्ही, हर्षदचा चार्जर, सगळ्यांच्या वायरींवर फेराइटची काळी कडी चढवली. ती कडी फालतू लहरी स्वतःतच जिरवतात.

"नजर लागू नये म्हणून शर्वीच्या मनगटात मी काळे मणी घातलेत तसलेच की हे," आई प्लास्टरातला हात सांभाळत म्हणाल्या.

"तसलेच, आई. फक्त हे मोजून बघता येतात."

आणि तिनं एक छोटा रेडिओ आणला. बॅटरीवरचा, काटा फिरवायचा, जुन्या बाजारातून. जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी काटा ठेवला की तो गप्प असे. जवळपास काही गडबड करणारं सुरू झालं की खरखरायला लागे. शेगडीनं तो घूं करी, खालच्या पिठाच्या चक्कीनं फडफडे, लिफ्ट निघाली की खोकल्यासारखा आवाज काढी. तेजलनं तो फ्रिजवर ठेवला आणि दिवसभर चालू ठेवू लागली. खरखर वाढली की शर्वीला उचलायचं आणि हर्षदपासून चार पावलं लांब जायचं. कान इतके तयार झाले की आंघोळ करतानाही तिला खरखर ऐकू येई.

हर्षदची गोष्ट मात्र गावभर झाली. युनियननं त्याला सभेत उभं केलं. "हात माणसाचा नसतो, कंपनीचा असतो!" या त्याच्या वाक्यावर टाळ्या पडल्या. पार्किंगमध्ये लोक थांबवून विचारत, "काय हर्षदभाऊ, आज हाताचा मूड कसा आहे?" तो हसून म्हणे, "लांब उभे राहा, सांगता येत नाही." घरातही थट्टा सुरू झाली. आईंनी भाकरीसाठी जुना गॅस ठेवला होता. त्यांनी लायटर खटकावला आणि हर्षदच्या कोपराचं कडं गॅसला टेकलेलं असलं, की त्याच्या हातातून चहाचा कप सुटायचा.

"पाचवा कप!" आई कावल्या. "मी गॅस पेटवताना ओट्याशी तडमडू नकोस म्हणून सांगितलंय ना?"

"मी काय करू? हात ऐकत नाही."

सगळे हसले. तेजलही हसली.

मार्चमध्ये फरीदा मॅडमचा फोन आला. लॅबमध्ये जागा होती, जूनपासून ये म्हणाल्या. तेजलनं ते हर्षदला स्वयंपाकघरात सांगितलं.

"शर्वीला कोण बघणार?"

"पाळणाघर आहे ना चौकात."

"आईचा हात असा. पोर पाळणाघरात. आणि तू तिकडे वांगी फोडणार?"

"हर्षद, वांगी नाही फोडत मी तिथे—"

यंत्राचा पंजा तिच्या दंडावर मिटला. तिला आधी थंडगार वाटलं, मग काहीच वाटेना, मग दंडातलं मांस हाडापासून सुटतंय असं वाटलं. ती गुडघ्यावर आली.

"हात! तेजल, हात!" हर्षद ओरडला. "शेजारी काहीतरी लावलंय बघ!"

फ्रिजवर रेडिओ खरखरत होता. शेजारच्या सोनकांबळे काकू चालण्याच्या मशीनवर होत्या. दहाएक सेकंदांनी पंजा सुटला. दंडावर पाच निळी बोटं उठली, त्यातला अंगठ्याचा वाटोळा वण दोन आठवडे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तेजल काळं कडं घेऊन काकूंकडे गेली.

"माझ्या मशीनलाही नजर लागली का गं?" काकू हसल्या. मग बाही वर सरकली तिथे त्यांचं लक्ष गेलं आणि त्या हसायच्या थांबल्या. "हे हातानंच ना?"

"हो काकू. हातानंच."

तिनं एक वही केली. तारीख, वेळ, घरात काय चालू होतं, रेडिओ काय करत होता. एप्रिलमध्ये शर्वीच्या तीनचाकी सायकलचं हँडल चुरगळलं. ती दिवाणखान्यात मध्येच पडली होती आणि हर्षदला ठेच लागली होती. लिफ्ट चालू होती. मग ताट फेकलं गेलं, आमटी भिंतीवर. मिक्सर. मे महिन्यात दारात उभं राहून पुन्हा नोकरीचंच बोलणं निघालं. हर्षदनं समजावण्यासाठी तिचा हात हातात घेतला, आणि तिची करंगळी मागच्या मागे वळून कट् झाली. ती इतक्या जोरात किंचाळली की खालून चक्कीवाला वर बघायला आला. त्याचीच चक्की चालू होती. चक्की, असं तिनं डाव्या हातानं वहीत लिहिलं.

"कसं झालं?" डॉक्टरनी विचारलं.

"दारात सापडलं." खरं सांगायचं तर शंभराच्या ठेक्यापासून सुरुवात करावी लागली असती, असं तिनं स्वतःला समजावलं.

घरी येताना ती म्हणाली, "एकदा मॅडमकडे नोंद बघून घेऊ या. फणी दिसली की हातात कुठे दुरुस्ती हवी ते कळेल."

"नको."

"निदान घरात असताना काढून ठेवत जा."

हर्षदनं स्कूटर कडेला घेतली. "तुझा हात कुणी रोज काढून टेबलावर ठेवला, पंचनामा केला, तर चालेल तुला? हात काढला की मी घरात अर्धा होतो, तेजल. तुला अर्धाच हवाय का?"

 रात्रीच्या भाकऱ्या थापताना आई म्हणाल्या, "थोडं सोस गं तेजू. त्याचा हात गेलाय. तुझं बोट बरं होईल."

प्रत्येक वस्तूनं थोडं सोसलं पाहिजे, हे तर नियमातच होतं. पण किती सोसायचं, तेही तिथे आकड्यात लिहिलेलं असे. त्याच्या वर गेलं आणि वस्तू मोडली, तर दोष तिचा धरत नसत. तेजलनं वही उघडून पहिल्यापासून वाचली. प्रत्येक ओळीत काही ना काही चालू होतंच. बाराशे माणसांच्या इमारतीत लाइट असताना काहीच चालू नाही, असं कधी होतच नव्हतं.

एवढं एक तिनं वहीत लिहिलं नाही. त्याचा अर्थ काय, याचा विचारही केला नाही.

*

त्यांच्या भागात गुरुवारी लाइट नसे. कारखान्यांना सुट्टी त्याच दिवशी आणि तारांची दुरुस्तीही त्याच दिवशी. सकाळी दहाला जायची ती चारशिवाय यायची नाही. लिफ्टची बॅटरी गेल्या दिवाळीपासून मेलेली होती.

जूनच्या पहिल्या गुरुवारी दुपारी तेजल ओट्याशी उभी होती. गॅसवर पिठलं होतं. पंखा थांबलेला, घामानं कुडता पाठीला चिकटलेला. आई बाहेरच्या खोलीत शर्वीला भरवत होत्या. त्यांचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट थोडं तिरकं बसलं होतं. रेडिओ फ्रिजवर होता, तांबडा दिवा लागलेला.

हर्षद पाणी प्यायला आत आला. तिनं त्याच्याकडे न बघता सांगून टाकलं.

"सोमवारपासून जातेय मी. मॅडमना हो कळवलंय. पाळणाघरात नाव घातलंय."

"मला विचारलं नाहीस."

"तीन महिने विचारतेय."

पुढचं इतक्या वेगानं झालं की तिला फक्त पाठीवर फ्रिजचं हँडल रुतल्याचं कळलं. पंजा तिच्या गळ्यावर होता. पाय जमिनीवरून सुटले होते. डोकं एकदा फ्रिजच्या दारावर आदळलं, मग पुन्हा आदळलं. तोंडात रक्ताची चव आली. हर्षदचा चेहरा अगदी जवळ होता, दात आवळलेले.

"मी नाही," तो म्हणत होता. "तेजल, मी नाही... हात... हात करतोय..."

तिनं नजर वर नेली. सवयच होती. तांबडा दिवा लागलेला होता, आणि रेडिओ गप्प होता.

घूं नाही. फडफड नाही. खोकला नाही. फ्रिज मुका, पंखा मुका, खालची चक्की मुकी, लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकून मेलेली. इतकी स्वच्छ शांतता तिनं मॅडमच्या निळ्या सुळक्यांच्या खोलीतच ऐकली होती. त्या शांततेत तिच्या गळ्यातला घर्र घर्र आवाज तेवढा होता. वहीतल्या सगळ्या ओळी तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. एकाही ओळीत फणी नव्हती. सगळा लोकरीचा गुंता होता.

कडेनं काळोख आत येऊ लागला. उजव्या हाताची बोटं ओट्यावर सरपटली. मिठाची वाटी पडली. पळी पडली. मग लायटर लागला.

तिनं तो त्याच्या कोपरावर टेकवून खटकावला. टक्. काही नाही, प्लास्टिकचं कव्हर. बोटांतली ताकद चालली होती. अजून दोन इंच वर कडं होतं, धातूचं, गार. टक्.

पंजा उघडला.

ती फरशीवर पडली. एक. हवा सुऱ्यासारखी आत गेली. दोन. हर्षदनं डाव्या हातानं तिचे केस पकडले. हा हात हाडामांसाचा होता. तिनं गॅसवरचं पिठल्याचं पातेलं खेचलं. रटरटतं पिठलं त्याच्या छातीवर, मांडीवर पडलं आणि तो किंचाळून मागे सरला. तीन. चार. ती उठून दाराकडे वळली, तर दारात आई उभ्या होत्या. शर्वी त्यांच्या कडेवर होती, आणि तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

"हातानं केलं!" हर्षद ओरडला. त्याच्या शर्टातून वाफ निघत होती. "आई, तू बघितलंस ना? हातानं केलं! मी सोडत होतो!"

पाच.

आईंनी वर पंख्याकडे पाहिलं. त्यांची नजर फ्रिजकडे गेली, मग फ्रिजवरच्या रेडिओकडे. सुनेनं चार महिने जे काही समजावून सांगितलं होतं, ते त्यांना किती कळलं होतं कोण जाणे. पण एवढं कळलं होतं.

"लाइट नाहीये, हर्षा," त्या म्हणाल्या.

त्यानंही वर पाहिलं. सहा. सात. थांबलेल्या पंख्याकडे तो असा बघत राहिला, जणू कुणीतरी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून नेलं होतं. मग त्याचा चेहरा आवळला आणि तो झेपावला. आठ. पंजा मिटला तो तेजलच्या ओढणीवर. तिनं मान फिरवून ओढणी सोडून दिली. जाता जाता तिनं फ्रिजवरचा रेडिओ ओढून घेतला. कशासाठी, ते तिलाही कळलं नाही. आईंनी तिला पुढे ढकललं, स्वतः बाहेर पडल्या आणि तिरक्या मनगटानं बाहेरून कडी घातली. आतून दारावर पहिला ठोसा बसला तेव्हा चौकटीतून चुना गळला. दुसऱ्याला फळी तडकली.

"चप्पल राहू दे," आई म्हणाल्या. "चल."

*

चौकीत टेबलाशी एक हवालदार बाई होत्या, वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत. तेजलचा गळा बघून त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला, आधी पाणी दिलं, मग घराकडे दोन माणसं पाठवली आणि मग लिहायला घेतलं.

"श्रमहस्तवाले हर्षद धोत्रे? सभेत भाषण केलेले?" त्यांनी पेन थांबवलं. "ताई, हे हाताचं प्रकरण अवघड असतं. वकील लगेच म्हणेल, मशीन बिघडलं."

तेजलला बोलता येत नव्हतं. तिनं वरच्या पंख्याकडे बोट दाखवलं.

"तो? तो दहापासून बंद आहे. गुरुवार ना आज."

तेजलनं पुन्हा पंख्याकडे बोट केलं, मग बाईंच्या कागदाकडे. हवालदार बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग पंख्याकडे, आणि कागदावर सगळ्यात वर लिहिलं : घटनेच्या वेळी परिसरात वीजपुरवठा बंद. मग तेजलनं त्यांचंच पेन मागून घेऊन खाली अडखळत लिहिलं : हात जप्त करा. नोंद आत आहे.

"आणि आजी, तुमचं मनगट?" बाईंनी नवा कागद ओढला. "त्याचंही नाव घालायचं का?"

शर्वी रेडिओच्या काट्याशी खेळत होती. तो अजून गप्पच होता. आईंनी आपलं तिरकं मनगट टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या तळव्यानं ते झाकलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते खोटं लिहू नका. हे त्या हातानं केलं होतं, मी होते तिथे. तो बिचारा सोडवत होता मला." त्यांचा आवाज फाटला, पण त्या थांबल्या नाहीत. त्यांनी सुनेच्या गळ्यावरच्या पाच बोटांकडे मान वळवली.

"हे लिहा. हे माझ्या पोरानं केलंय."